लिनबाईंचा काढा

माझ्या नवऱ्यानं परक्या बाईजवळ मन मोकळं केलं. ती बाई साठीची होती आणि विषय पोटाचा होता, म्हणून माझा जळफळाट कमी झाला असं मात्र मुळीच नाही.

श्रीहर्षच्या मोठ्या आतड्याला सूज. दिवसातून आठ-दहा वेळा संडास, रक्त, आणि वर्षातून दोनदा तरी अंथरूण. आइंडहोवनच्या हॉस्पिटलच्या गोळ्या चालू होत्या, पण सूज पुरती उतरत नव्हती. आणि घरात कोण, तर मी! बीएएमएस, चिंचवडला सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली. लग्न करून २०१२ साली इथं परदेशात आले आणि सरकारी कागदावर नुसती ‘पार्टनर’ होऊन बसले. तेव्हापासून मला कुणी डॉक्टर म्हटलेलं नव्हतं.

माझं औषध त्यानं एकदाच घेतलं, आठ दिवस. मग म्हणाला, तू बायको आहेस, तुला रोज संडासाचं काय सांगू? लाज वाटत असेल बिचाऱ्याला, म्हणून मी गप्प बसले.

चार वर्षांनी त्याच्या एका चिनी सहकाऱ्यानं लिनबाई नावाच्या चिनी वैद्यांचा पत्ता दिला आणि सोबत तीन शोधनिबंध पाठवले. उंदरांच्या आतड्याला मुद्दाम सूज आणायची, त्यांना ह्वांगल्येन नावाची पिवळी मुळी द्यायची आणि सूज किती उतरली ते मोजायचं. श्रीहर्ष चिपची यंत्रं बनवणारा इंजिनिअर, आकडा दिसला की त्याचा विश्वास बसतो. आमच्या ग्रंथांत हे कधीपासून आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाला, ग्राफ दाखव. त्या उंदरांच्या घरी वैद्य बायको नसणार, एवढं मी बोलून घेतलं.

पहिल्या खेपेला मीही सोबत गेले. बाईंनी त्याची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि काय होतं ते विचारलं. आणि हा बोलायलाच लागला. किती वेळा, कोणत्या रंगाचं, सगळं. ऑफिसच्या संडासात बसून रडतो, म्हणाला. आतडं कापून काढतील या भीतीनं झोप लागत नाही, म्हणाला. हे मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही इंग्रजीतून, कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स सांभाळत. माझ्या हातात त्यानं नाडी कधी दिली नव्हती.

मग घरात मातीचं भांडं आलं, बाईंच्या औषधाच्या पुड्या आल्या. ज्याला दूध उतू गेलेलं कळत नाही, तो रोज सकाळी गॅससमोर चाळीस मिनिटं उभा राहून काढा उकळू लागला. तळाला राहिलेला थेंब मी जिभेवर ठेवून पाहायची, आम्हा वैद्यांची खोडच ती. ज्येष्ठमध ओळखलं, सुंठ ओळखली, पिवळ्या मुळीचा कडूपणा तर थेट दारुहळदीचा. अर्धी पुडी आमच्याच ओळखीची होती, आणि त्यानं माझा आणखीच तिळपापड झाला.

जानेवारीत त्याला पहाटेची शिफ्ट लागली आणि काढा उकळायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी इमानेइतबारे लिनबाईंची पुडी उकळली. तिसऱ्या दिवशी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि माझा काढा केला. कुड्याची साल, बेलाचा गर, नागरमोथा, आणि रंग जुळावा म्हणून दारुहळद. थर्मास भरून त्याच्या हातात दिला. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला की आज जरा जास्त कडू होतं.

असे पाच आठवडे गेले. मी वैद्य आहे, यातलं सगळं त्यानं पूर्वी घेतलेलं आहे, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं.

तपासणीत सुजेचा आकडा नऊशेवरून एकशे ऐंशीवर आला. श्रीहर्षनं फुलं घेतली. लिनबाईंसाठी.

फुलं बाजूला ठेवून बाईंनी त्याची नाडी पाहिली. मग थर्मास उघडला, वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. काढा कोण करतं, असं त्यांनी विचारलं. बायको करते, तीही डॉक्टर आहे, श्रीहर्ष म्हणाला. डॉक्टर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही त्या बाईला सांगायला. बाईंनी झाकण घट्ट लावलं. काढा उत्तम झालाय, महिनाभर हाच चालू ठेवा, माझी नवी पुडी नको, असं म्हणाल्या.

बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी तो खुशीत होता. “पाहिलंस? तुझं औषध घेत बसलो असतो, तर आज ऑपरेशन टेबलावर असतो.”

“पाच आठवडे तुझ्या पोटात माझंच औषध जातंय,” मी म्हटलं, आणि थांबता न आल्यामुळे ड्रॉवरसकट सगळं सांगून टाकलं.

तो चिडेल, मग हसेल, मग त्याला पटेल, असा माझा हिशोब होता. त्यानं वाकून सायकलचं कुलूप उघडलं.

“मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर प्यायला असतास?”

“नसतो प्यायलो,” तो म्हणाला. “पण ते मी ठरवलं असतं.”

मग तो सायकलवर बसला आणि मी मागे पडू नये इतपत हळू चालवत घरी आला. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी लिनबाईंना आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांना त्यानं स्वतःच फोन करून सगळं सांगितलं.

सूज अजून उतरलेली आहे. गोळ्यांनी की माझ्या काढ्यानं, हे विचारायला मला तोंड उरलेलं नाही. तो लिनबाईंकडे जातो, एकटाच. त्यांनी त्या दिवशी सगळं ओळखून मला सांभाळून घेतलं, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

घरात आम्ही नीट बोलतो. सकाळचा चहा मात्र आता तोच करतो. मलाही देतो.