देवरीच्या मशीनवरचं नाव

तांदूळ कंपनीच्या सगळ्या गोदामांत वजनकाट्याची पावती ज्या प्रोग्रॅमवर निघायची, तो संघदीपनं लिहिला होता. उघडला की खाली बारीक अक्षरात त्याचं नाव यायचं. संघदीप वारला. कंपनीनं नवा प्रोग्रॅम करून घेतला, अन् जुना काढून नवा बसवायचं पॅकेज बांधायचं काम आलं त्याच्याच बायकोकडे, अल्काकडे.

आमगावच्या घरी बसून तिनं ते बांधलं. शिदोरी बांधावी, गाठ मारावी, अन् कुणासाठी ते विसरून जावं, तसं. पॅकेज कुणाला काही विचारणार नव्हतं. कंपनीचा सर्व्हर एकेका मशीनवर जाणार, नव्याची खूण म्हणून एक फाइल शोधणार. नसली तर जुनं उपटून नवं लावणार. असली तर मुकाट परतणार.

देवरीच्या गोदामात तिचे सासरे सेवकराम काट्यावर बसत. रोज सकाळी लेकाचं नाव त्यांच्या डोळ्यांपुढं येत असेल, असं तिला वाटे. तेवढं एका ठिकाणी तरी राहावं. तिनं दुरूनच देवरीच्या मशीनवर ती खुणेची फाइल ठेवून दिली, नुसती, रिकामी. सर्व्हर गेला, पाहिलं, परतला. तिच्या पडद्यावरच्या यादीत देवरीपुढं हिरवं आलं: लागलं.

संघदीप गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. खुणेपुरती तीही रोज सडा टाकत होती, वेळेवर कामाला बसत होती. लोक पाहत अन् म्हणत, सावरली पोरगी.

दुपारी सेवकरामांचा फोन आला.

"अल्का, सगळ्यायचं नवीन आलं. माह्यावालं काऊन नाही आलं?"

"जुनं चालून नाही राहिलं का, मामाजी?"

"चालते. पण पावती वर कंपनीत जाऊन नाही राहिली. गाडी अडकली हाय."

मागून ड्रायव्हर ओरडला, "चाचा, रायपुर आज पहुँचना है, अगली दिवाली को नहीं!"

"रुक ना बे!" मग आवाज खाली आला. "तू काही केलं का, बाई?"

अल्कानं देवरीची ती रिकामी फाइल पडद्यावर उघडली.

"त्याचं नाव हाय म्हणून?"

"हो."

"ते बारीक अक्षर मले दिसतच नाही, बाई. कधीच नाही दिसलं. लाव नवीन."

तिनं फाइल पुसली. सर्व्हर पुन्हा गेला. या वेळी तसाच परतला नाही.

"लागलं," सेवकराम म्हणाले. "गाडी गेली." फोनमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "जेवली का?"

"हो."

"काय जेवली?"

अल्कानं उठून भाताचं भांडं उघडलं. सकाळपासून ते रिकामंच होतं.