बेपत्ता व्यक्ती परत आल्यास

कायद्याच्या प्राध्यापकांना सुरुवात फार छान करता येते. शेवट म्हटला की मात्र यांना घाम फुटतो. आमच्या विद्यापीठाच्या विधी-नियतकालिकाचं कार्यालय मी सव्वीस वर्षं सांभाळलं, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकते. लांबलचक लेख तुकड्यातुकड्यांनी छापायची आमच्याकडे रीत आहे. शीर्षकाखाली कंसात ‘एक’, मग ‘दोन’, आणि शेवटच्या तुकड्याला ‘तीन, समाप्त’. ‘एक’ धुमधडाक्यात येतो. ‘दोन’ दीड वर्षानं, कुरकुरत. ‘समाप्त’ची वाट बघण्यात माझे केस पांढरे झाले. मी रुजू झाले त्या वर्षी एका सरांच्या लेखाचा पहिला भाग छापला होता. सर वारले, मी त्यांच्या श्राद्धाला जाऊन जेवून आले, दुसरा भाग अजून ‘येतोच आहे’. अशा भिजत घोंगड्यांची एक यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती.

त्या यादीत हिराइवा सरांचं नाव मला खुपायचं. कारण वेळ पाळणारा माणूस म्हणजे हिराइवा सर. अंक छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात चौकटीच्या कागदावर शाईनं लिहिलेला लेख स्वतः आणून द्यायचे. टिपांचे आकडे कधी चुकले नाहीत. जन्मभर त्यांनी घरभाड्याच्या कायद्यावर लिहिलं, आणि मग एकदम विषय बदलला. माणूस सात वर्षं बेपत्ता असला, जिवंत की मेला काहीच कळलं नाही, तर घरच्यांनी अर्ज केल्यावर न्यायालय त्याला मृत ठरवतं. सरांनी त्यावर लेख लिहायला घेतला. पहिल्या भागात या कायद्याचा इतिहास. दुसऱ्या भागात, मृत ठरवल्यावर काय काय होतं ते. आणि तिसऱ्यात, ठरवून झाल्यावर तो माणूस परत आला तर काय. दुसरा भाग १९९९ साली छापला. तिसरा आला नाही.

विषय का बदलला हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचा एकुलता एक मुलगा शुनजी ओसाकाला नोकरी करायचा. १९९४ च्या वसंतात, चोविसाव्या वर्षी, त्यानं राजीनामा दिला, खोली झाडून-पुसून स्वच्छ केली, महिनाअखेरपर्यंतचं भाडं चुकतं केलं आणि गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. आमच्याकडे अशा गोष्टी कुणी तोंडावर बोलत नाही. मीही बोलले नाही. दात दुखला तर दातांवरचं पुस्तक आणून वाचणारा हा माणूस, म्हणून हा विषय घेतला असेल, असं म्हणून मी कामाला लागले. लेख तपासताना मी पानं मोजायची, टिपांचे आकडे जुळवायची. वाचायची नाही. सव्वीस वर्षांत वाचले असते तर वेड लागलं असतं.

सरांच्या पत्नीचा मात्र मला राग यायचा. २००१ पासून दर अंकाच्या आधी सुमिएबाईंचा फोन ठरलेला.

“उत्सुमीबाई, यांचा तिसरा भाग आला का हो?”

“नाही आला.”

“या अंकात येईल का?”

“बाई, घरात तुम्ही राहता त्यांच्याबरोबर. मला काय विचारता?”

“घरात विचारलं की हे अभ्यासिकेत जातात.”

मला वाटायचं, काय ही नवऱ्याच्या नावाची हौस! एकदा कामाचा ढीग पडला होता आणि नेमका फोन आला. मी फटकन म्हणाले, “लेख म्हणजे काही बाळंतपण नाही बाई, दिवस भरले की झालं म्हणायला.” मग “बरं बरं, चुकलं माझं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते वाक्य आजही आठवलं की मला स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटतात.

२००४ च्या मार्चमध्ये सर निवृत्त व्हायचे होते. निवृत्त होणाऱ्याच्या सन्मानार्थ आम्ही जाडजूड अंक काढतो. पुढे फोटो, मग सहकाऱ्यांचे लेख, शेवटी त्यांच्या सगळ्या लेखनाची सूची. सूची मी करत होते आणि तिसऱ्या भागापुढे ‘अपूर्ण’ लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी, मी दिवे मालवायच्या बेतात असताना, सर आले. हातात चौकटीच्या कागदांचा गठ्ठा, त्रेसष्ट पानं.

“उशीर झाला,” ते म्हणाले.

“चार वर्षं झाली, सर. पण आलात! आता शिरस्त्याप्रमाणे दोघांना वाचायला देते.”

“हो. नियम तो नियम. मलाही लागू.”

आमच्याकडे आलेला लेख दोन जण वाचतात, लेखी मत देतात आणि पाच जणांची समिती ठरवते की छापायचा, दुरुस्तीला द्यायचा की परत करायचा. घरच्या प्राध्यापकांच्या बाबतीत हे सगळं वरवरचंच असतं. दुसऱ्या दिवशी मी टिपा तपासायला बसले. वीस पानांपर्यंत नेहमीचे हिराइवा सर, एका रेषेत चालणारे. पुढे टिपा कमी होत गेल्या. चौऱ्याऐंशी क्रमांकाच्या टिपेत फक्त एवढंच होतं: ‘ग यांचं मत विरुद्ध आहे. त्यांच्या मते त्याला आधी अंघोळ करू द्यावी.’

कोण ग? कुणाला अंघोळ? म्हणून मी टिपेच्या वरचा मजकूर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेख वाचू लागले.

‘समजा, क हा सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता होता व न्यायालयानं त्याला मृत ठरवलं. नवव्या वर्षी, नोव्हेंबरात, संध्याकाळी क घरी आला. दार ख यांनी, म्हणजे क च्या वडिलांनी उघडलं; मागे ग, म्हणजे क च्या आई, होत्या. ख यांनी प्रथम काय करावं, याची तरतूद कायद्यात नाही. क नं दुपारपासून काही खाल्लेलं नाही असं गृहीत धरावं. इतकी वर्षं कुठे होतास, असं ख यांनी विचारू नये. उत्तर देण्याचं बंधन क वर नाही. क चं वजन कमी झालं आहे. कानाजवळचे काही केस पिकले आहेत. मृत ठरलेल्याची मालमत्ता ज्यांना मिळाली, त्यांनी जेवढी शिल्लक असेल तेवढीच परत करायची, असा कायदा आहे. ख यांच्याकडे काय शिल्लक आहे, याचा आता विचार करू.’

पुढची पाच-सहा पानं मी वाचली. मग अक्षरं दिसेनात म्हणून गठ्ठा मिटला.

समितीचा प्रमुख होता नेझु, सरांचाच विद्यार्थी, चाळिशीही न गाठलेला. वाचून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला.

“वाचलंत तुम्ही?”

“टिपा तपासल्या.”

“म्हणजे वाचलंत.” तो खुर्चीत बसला. “काय करू मी आता?”

बैठकीत दुसरे वाचक म्हणाले, “छापून टाका हो. निवृत्तीचा अंक! वाचतंय कोण?”

नेझु ताडकन म्हणाला, “मी वाचतो. आणि असं छापलं तर लोक याच्या झेरॉक्स काढून एकमेकांना दाखवतील. हसतील सरांवर. मी असेपर्यंत ते होऊ देणार नाही.”

शेवटी ठरलं, पहिली वीस पानं ‘तीन, समाप्त’ म्हणून छापायची आणि उरलेली परत करायची. सरांना सांगायचं कोणी, म्हटल्यावर पाचही जण चहाच्या कपात बघू लागले. “उत्सुमीबाई, तुमची इतक्या वर्षांची ओळख,” नेझु म्हणाला. आहेच मी. निवाडा यांनी द्यायचा आणि डोकं माझं फुटायचं. मनातल्या मनात पाचही जणांचा उद्धार करत मी निघाले. बाहेर पाणचट बर्फ पडत होतं.

दार सुमिएबाईंनी उघडलं. त्यांची नजर माझ्या हातातल्या लिफाफ्यावर गेली.

“तिसरा भाग ना तो? छापणार ना?”

मला खोटं बोलता येईना. “थोडा छापणार,” मी म्हणाले.

त्या तिथेच, उंबऱ्याच्या पायरीवर टेकल्या. “थोडा म्हणजे? तेवढ्यानं चालेल का यांना?” आणि मग अडीच वर्षं फोनवर जे बोलल्या नव्हत्या ते सांगू लागल्या. “सात वर्षं भरली तेव्हा मी न्यायालयाचा अर्ज आणला. हे म्हणाले, तिसरा भाग छापून येऊ दे, मग सहीचा शिक्का मारतो. अर्ज मला एकटीलाही करता येतो. दुसऱ्या भागात यांनीच लिहिलंय तसं, मी वाचलंय. पण मुलगा दोघांचा, उत्सुमीबाई. तो मेला असं मी एकटीनं कसं सांगू?”

मी लिफाफा कोटाआड सरकवला.

“नऊ वर्षं मी रोज त्याचं पान वाढते आणि रोज उचलून ठेवते. त्याच्या नावानं उदबत्ती लावायची तर तो मेलेला नाही. वाट बघायची तर माझ्यात आता जीव नाही. दोन्हीतलं काहीतरी एक करू द्या ना मला.”

मी ओल्या कोटानिशी त्यांच्यासमोर वाकले. “ते बाळंतपणाचं बोलले होते मी, त्याची क्षमा करा.”

“तुम्हाला कुठे ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या.

सरांनी लिफाफा उघडला नाही. “नेझु काय म्हणाला?”

“पहिली वीस पानं उत्तम आहेत म्हणाले. तेवढी छापायची आणि समाप्त.”

“नंतरची?”

“नंतरची... ते म्हणाले...”

“नंतरचं म्हणजे कायदा नव्हे, असंच ना? बरोबर बोलला. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे लेख परत केले, मीही हेच लिहिलं असतं.” ते किंचित हसले. “चांगला तयार झालाय पोरगा.”

“मग वीस पानं छापू ना, सर? लेख पूर्ण होईल.”

“वीस पानांत तो परत येतच नाही, उत्सुमीबाई.”

सुमिएबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या.

“बाकीचं मी अकरा वेळा लिहिलं,” सर म्हणाले. “दर वेळी ठरवायचो, आता नुसतं कलमावर लिहायचं. दर वेळी हा आपला दाराशी येऊन उभा राहायचा. न जेवता. मी काय करू?” त्यांचा आवाज फुटला. त्यांनी बोटांनी डोळे दाबले. मी इतक्या वर्षांत त्यांना नुसतं खोकतानाही मोठा आवाज करताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘चूक-दुरुस्ती. या लेखाच्या मागील भागाच्या शीर्षकात “दोन” असं छापलं आहे. तेथे “दोन, समाप्त” असं वाचावं. लेखकाकडून झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व.’

“हे सूचीखाली घाला,” कागद मला देत ते म्हणाले. आणि मान न वळवता, “सुमिए, तो अर्ज कुठे आहे?”

ट्रे खाली ठेवायचा त्यांना सुचेना. मीच उठून तो हातातून घेतला. अर्ज पलीकडच्या खोलीतून यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. सरांनी शिक्का शाईत बुडवला, नीट सरळ धरला आणि दाबला. उचलायला मात्र त्यांना फार वेळ लागला. बाईंनी त्यांच्या मनगटाला हात लावला, तेव्हा तो उचलला गेला.

अंक मार्चमध्ये निघाला. चूक-दुरुस्ती दोनशे एकेचाळीसाव्या पानावर, अगदी तळाला आहे. छापखान्यातल्या माणसानं विचारलं होतं, पाच वर्षांपूर्वीची चूक आता दुरुस्त करून कोणाला काय फरक पडतो? मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

न्यायालयानं जाहीर सूचना काढली. या व्यक्तीबद्दल कोणाला काही ठाऊक असल्यास कळवावं. मुदतभर मीही रोज सकाळी टपालपेटी उघडताना उगाच देवाचं नाव घ्यायची. कोणीच काही कळवलं नाही. पुढच्या वसंतात निकाल आला आणि सुमिएबाईंचा फोन आला. देवळात फक्त आम्ही दोघं असू, दोन म्हणजे फारच थोडी माणसं होतात, तुम्ही याल का?

मी गेले. अस्थी नव्हत्याच. पांढरं, झाकणाचं, आमच्याकडे अस्थी ठेवतात तसं भांडं होतं, रिकामं. भिक्षू म्हणाले, त्याची एखादी वस्तू ठेवा. बाईंनी पिशवीतून तो लिफाफा काढला.

मी घाबरलेच. “बाई, याची दुसरी प्रत नाही! त्याचा चष्मा ठेवा, पेन ठेवा. हे मला एकदा झेरॉक्स तरी काढू द्या.”

“चष्मा, पेन, सगळं चोवीस वर्षांच्या मुलाचं आहे,” बाई म्हणाल्या. “मोठा झालेला तो फक्त यात आहे.”

भांड्याचं तोंड लहान होतं, पानं आत जाईनात. आम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक पान घडी करून आत घालू लागलो. सर मागे उभे होते. मधेच त्यांनी विचारलं, “क्रमानं लावताय ना?”

“क्रमानंच लावतोय, सर.”

शेवटचं पान माझ्या हातात आलं. एवढं पुढचं मी त्या दिवशी वाचलं नव्हतं. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘क जेवून झोपला आहे. उरलेल्या प्रश्नांचा विचार तो उठल्यावर करता येईल.’

मी ते पान सगळ्यांत वर ठेवलं आणि झाकण लावलं.