बसलेली गाडी

लातुरात सर कसं शिकवतात हे नंतर. दारात कोणती गाडी उभी आहे ते पालक आधी बघतात. रेणुकादास सरांच्या क्लासपुढे परदेशी गाडी होती. यंदा पोरं कमी झाली आणि गाडीचं सस्पेन्शनही गेलं; पुढून ती पार जमिनीला टेकली. सरांनी ती विकायला काढली, तेव्हा नांदेडचा जुन्या गाड्यांचा दलाल येऊन बघून गेला.

"पन्नास लाखाची असंल सर, पण बसलेल्या गाडीला पाचच्या वर कुनी देत न्हाई."

सरांनी जॅकने गाडी उचलली, खाली विटा रचल्या आणि त्या दिसू नयेत म्हणून पुढे 'प्रवेश सुरू' हा फलक ठेवला.

सकाळी जळकोटहून एक बाप मुलीला घेऊन आला. गाडी न्याहाळत म्हणाला, "सर, हिलाबी तुमच्यावानी मोठं करा."

"करू की," सर म्हणाले, आणि पायाने फलक विटांपुढे नीट सरकवला.