न दिलेला वजीर

वाचनालयाच्या वरच्या खोलीत पूर्वी बुद्धिबळाला आठ-दहा जण जमायचे. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलांकडे राहायला गेलं, आणि शेवटी दोघंच उरली. एक निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, आणि दुसरे दुकान मुलाच्या हाती सोपवून बसलेले चष्मेवाले. तेही उद्या लेकीकडे निघाले होते, कायमचे.

"लेक म्हणते, समोरच बाग आहे, फिरत जा," सोंगट्या मांडताना ते म्हणाले. "मी म्हटलं, झाडं काय मला शह देणार आहेत?"

सिस्टर हसल्या, पण फार नाही.

डाव ऐन रंगात आला आणि सिस्टरना ते दिसलं. वजीर थेट चष्मेवाल्यांच्या राजाशेजारी नेऊन ठेवायचा. त्यांना तो हत्तीने मारावाच लागणार. मारला की राजाच्या सगळ्या वाटा बंद, आणि घोड्याच्या एका उडीत मात. असली मात सिस्टरनी वडिलांच्या तोंडून नुसती ऐकली होती. दुसरा रस्ता सरधोपट होता. हत्तीला हत्ती मारून घ्यायचा आणि जास्तीचं प्यादं रेटत न्यायचं. त्यातही जिंकणं ठरलेलंच, फक्त वेळखाऊ.

हात वजिरापर्यंत गेला. मग मनात आलं, दोन चालींत संपेल. चष्मेवाले "येतो" म्हणतील आणि जिना उतरतील. बाहेर अजून लख्ख ऊन असेल, आणि घराला कुलूप.

त्यांनी हत्तीने हत्ती मारला.

प्यादं गोगलगाईच्या चालीने सरकत राहिलं. चष्मेवाल्यांनीही चिवटपणे दम धरला. शिपाई खिडक्या लावायला आला तेव्हा कुठे त्यांनी आपला राजा आडवा केला.

"सिस्टर, वजीर द्यायचं दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मग?"

"लगेच संपलं असतं हो."

ते चष्मा पुसत राहिले. "मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "असं हरलो असतो तर तिकडे जन्मभर सांगत बसलो असतो. आता काय सांगू? एका प्याद्यानं खाल्लं?"

हे सिस्टरच्या ध्यानीमनीही नव्हतं. "पुन्हा मांडू या? दाखवते."

"मांडून दाखवलेल्यात काय मजा? राहू द्या." जिन्यापाशी ते थांबले. "पण दुपार चांगली गेली, बरं का."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला सिस्टर वर गेल्या. कुणी नव्हतं. त्यांनी तो डाव आठवून मांडायला घेतला. चष्मेवाल्यांचा उंट नेमका कुठल्या घरात होता, ते काही केल्या आठवेना. शेवटी अंदाजाने ठेवला. मग वजीर उचलून राजाशेजारी नेला आणि थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या.

तो मारायची चालही त्यांनाच करावी लागली.