सात पायऱ्या

थोरली सिंधुबाई आणि धाकटी विजयमाला सख्ख्या जावा. भवानीनगरजवळ एकाच मळ्यात दोन चुली आणि तीस वर्षं चढाओढ. धाकटीनं फ्रिज घेतला की थोरलीला त्याहून मोठा हवा. त्यामुळं विजयमालाच्या गुडघ्याची अर्धी वाटी बदलायचं ठरलं, तसा सिंधुबाईंनीही धोशा लावला, "माजा गुडगा काय फुकटचा हाय व्हय?" दुखत तर खरंच होता. बारामतीत एकाच डॉक्टरांनी लागोपाठच्या दिवशी दोघींची ऑपरेशनं केली.

इथवर बरोबरी. पण पंधराव्या दिवशी धाकटी वॉकर टाकून मारुतीच्या देवळाच्या सात पायऱ्या चढली आणि ओट्यावरून बघणाऱ्या सिंधुबाईंचा नुसता जळफळाट झाला. त्याच दिवशी त्यांच्या टाक्यांतून चिकट पाणी यायला लागलं होतं. गुडघा तव्यासारखा तापलेला, अंगात कणकण. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी आलं की तडक या. पण गेलं तर बायका म्हणणार, धाकटीचा जमला, थोरलीचा बिघडला! त्यापेक्षा पाय गेला तरी बेहत्तर, अशी ही बाई. हळद दाबायची, वर जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळायचं आणि कुणी विचारलं की म्हणायचं, "झ्याक हाय की."

अखेर विजयमालानंच पकडलं. पेरू घेऊन आली, शेजारी बसली, तर वास आला. लुगडं गुडघ्यापाशी ओलं. तिनं आपल्या पोराला, युवराजला, गाडी काढायला लावली आणि थोरलीचा दंड जो धरला, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कधीपासून वाहतंय? खरं सांगा. नुसतं धुऊन भागेल की वाटीच काढावी लागेल, ते त्यावर ठरणार."

सिंधुबाईंनी जावेकडं बघितलं. काठीशिवाय उभी! 'काल-परवा' असं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ही देवळाच्या पायऱ्या चढली ना, त्या दिसापास्नं. नऊ दिस झालं."

"आजच आत घेऊ," डॉक्टर म्हणाले. "धुऊन वाटीतलं प्लास्टिक तेवढं बदलू. वाटी वाचेल असं वाटतंय."

डॉक्टर गेले. विजयमालानं भिंत धरली.

"अक्का, तुमी बघत हुता म्हनून चढले ओ मी. उतरताना जीव गेला. तवापास्नं वॉकर सुटला न्हाय. तुमच्या दारात यायच्या आधी तेवढा कोपऱ्यावर भिंतीला लावून ठिवते."

"मेले," सिंधुबाई रडत खाटेवर बाजूला सरकल्या, "मग उभी कशापायी हाईस? बस हितं."