शालूबाईला बरं वाटलं

रझाकारांच्या धास्तीनं पुसेगावची अर्धी गल्ली वाशिमला गेली, तेव्हा किसन आणि त्याची बायको शालूबाईही निघाले. सासू रुक्माबाई मात्र हलली नाही. "मला म्हातारीला कोण काय करतंय? तुमी जा. निवळलं की या," म्हणाली.

वाशिम निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं दोघांना कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काम मिळालं. सुरुवातीला शालूबाई घराच्या आठवणीनं रडायची. पण हळूहळू कापूस निवडताना बायकांशी गप्पा रंगू लागल्या. चुलीवर काय शिजवायचं, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. हातात स्वतःची मजुरी होती.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामी संपली. ज्वारीच्या पेरणीला दोघं गावी परतले. रुक्माबाईनं राखेत जपलेलं बियाणं पुढं ठेवलं. किसन ते ओंजळीत घेऊन बघत राहिला.

जेवताना शालूबाई म्हणाली, "वाशिमलाच ऱ्हावं म्हणते मी."

"काहून गं?" रुक्माबाईचा घास थांबला. "माझी काई तकलीफ झाली का तुला?"

"न्हाई, आत्याबाई. तिथं बरं वाटतं मला."

रुक्माबाईनं लेकाकडं पाहिलं. तो ताटात बघत पुटपुटला, "जिनाचा हंगामबी सुरू होऊन राहिला आता."

दुसऱ्या दिवशी किसननं शेत शेजारच्या ग्यानबाला बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं. बियाणं म्हातारीनंच त्याच्या धोतराच्या सोग्यात ओतलं.

"तुमीबी चला," शालूबाईनं विनवलं.

"तिथं मला कोण वळखतं? इथं गल्लीतली कुत्री तरी वळखतात."

हद्दीवरच्या कनेरगावच्या नाक्यावर वाशिमकडं जाणारी गावातली आणखी माणसं भेटली. मागच्या खेपेला सगळ्यांनी ही हद्द शेताशेतातून, दबकत ओलांडली होती. आता कुणी हटकत नव्हतं. कुणीतरी अडवावं, असं शालूबाईला वाटून गेलं.

"दिवाळीला येऊ," किसन म्हणाला.

"येऊ," शालूबाई म्हणाली.

दिवाळीत जिनाला सुट्टी मिळाली नाही.

संक्रांतीच्या सुमारास ग्यानबा हुरडा घेऊन वाशिमला आला. ज्वारी चांगली आली होती. "म्हातारी रोज बांधावर येऊन बसते," तो सांगत होता. "पाखरं हाकलते, म्हणते. पण नजर वाटंकडंच."

शालूबाईनं हुरडा शेजारणींना वाटला. स्वतः चिमूटभर तोंडात टाकला. मग ग्यानबाला विचारलं, "आत्याबाईंनी खाल्ला का?"