किड्याच्या पाठीवरचे गुरुदेव

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या एका फ्लॅटबाहेर चपलांची रांग लिफ्टपर्यंत पोचली होती. आत निशिकांतभाऊंच्या हातात प्लॅस्टिकची पेटी, पेटीत लालभडक किडा आणि किड्याच्या पाठीवर गेल्या वर्षी समाधी घेतलेले गुरुदेव! डोळे, नाक, काळेभोर केस, सगळं जागच्या जागी.

"वास आला? चंदन!" भाऊ गरजले. बँकांची सॉफ्टवेअर सांभाळणारे मॅनेजर डोळे मिटून नाकं ओढू लागले.

"आत्या, सो स्टिंकी लाह!" प्रणिताची मुलगी कस्तुरी नाक दाबत मधुवंतीला म्हणाली. तिला चारचौघांनी गप्प केलं.

मधुवंतीला हसू फुटणार होतं. विद्यापीठात ती किड्यांवरच संशोधन करायची. पण प्रणितावहिनीकडे पाहताच ते जिरलं. प्रणिताच्या छातीत गाठ होती आणि उद्याची तपासणी तिनं रद्द केली होती. भाऊ म्हणाले होते, "प्रत्यक्ष गुरुदेव आलेत, मग सुई कशाला?"

"भाऊ, पेटी बघू?"

"दर्शन माझ्याच हातून!"

तोवर मधुवंतीनं पेटी घेऊन उलटी फिरवली होती. गुरुदेव गायब. केस म्हणजे पंखांची काळी टोकं, डोळे म्हणजे पंखांवरचे ठिपके, नाक म्हणजे पाठीवरची त्रिकोणी ढाल. किड्याचं खरं डोकं आतापर्यंत खाली लोंबत होतं.

"सोंडेनं रस पितो, म्हणजे ढेकणाच्या गणातला. मिशांचे पाच-पाच भाग, पाठीवर ही ढाल, डिवचलं की दुर्गंध. म्हणून कूळ ढालकिड्यांचं. याला शास्त्रीय नाव देऊन अडीचशे वर्षं झाली. तेव्हा तुमचे गुरुदेव कुठे होते?"

भाऊ सगळ्यांकडे वळले. "बघा! हॉकर सेंटरमध्ये खाणं आणायला जाण्याआधी टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतात, तशी गुरुदेवांनी तेव्हाच जागा धरली!"

दोघातिघांनी चक्क माना डोलावल्या. मधुवंती संतापली, पण भाऊंशी वाद घालत बसली नाही. प्रणिताला तिनं गॅलरीत नेलं.

"मग माझ्या गाठीचं काय गं?" प्रणितानं विचारलं. "वाईट निघाली तर?"

"मलाही भीती वाटते, वहिनी. पण चांगली की वाईट, ते चेहरा बघून कळत नाही. नीट तपासावं लागतं. कळलं, तरच उपाय करता येतो."

प्रणितानं डोळे पुसले आणि क्लिनिकला फोन लावला.